खालच्या तीन पायऱ्यांवरची माणसे

तुळजाबाईंशी माझा परिचय आमच्या इमारतीच्या जिन्यात झाला. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्याकडे चढत होते आणि फोनवर माझ्या मुलाला, हेरंबला, रागावत होते. तळमजल्याच्या दारातून एक उंच, सडपातळ बाई बाहेर आल्या. त्यांनी नऊवारी नव्हे, साधी सुती सहावारी नेसलेली होती, नाकात दोन्ही बाजूंना खडे होते, आणि मी त्यांना तमिळ समजले. त्यांनी विचारले, "तुम्ही आमच्या भाषेंत रागें भरतां काय?"

मी चकित झाले. त्यांचे मराठी मला समजत होते, परंतु तसे मराठी मी कधी ऐकले नव्हते. ते जुन्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या वस्त्रासारखे होते, आणि त्याचा सूर तमिळ होता. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या होत्या. त्यांच्या घरी ही भाषा फक्त बोलली जात असे. वाचायला आणि लिहायला त्या शाळेत तमिळ शिकल्या होत्या.

मला त्या काळी कोणतीही भाषा लिहिता येत नव्हती, ही गोष्ट मी येथे प्रामाणिकपणे नमूद करते. माझे पती चेन्नईजवळ आवडी या गावी संरक्षण कारखान्यात फिटर होते. त्यांच्यासोबत मी बार्शीहून चेन्नईला आले. चाळीस वर्षे मी बसचे क्रमांक आकारावरून ओळखले आणि बँकेत अंगठा दिला. सदुसष्टाव्या वर्षी मी येथील मराठी मंडळाच्या प्रौढवर्गात जाऊ लागले. आमच्या शिक्षिका रेवाताई सांगतात की ज्या व्यक्तीविषयी लिहायचे, तिने काय केले ते आधी लिहावे आणि ती कशी होती हे वाचकाला ठरवू द्यावे. मी तसा प्रयत्न करते.

तुळजाबाई बाहुल्या करीत असत.

ज्यांना येथील रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवरात्रात येथे घरोघरी कोलू मांडतात. विषम संख्येच्या पायऱ्या रचून, त्यांवर पांढरे धोतर अंथरून, वर देवांच्या आणि खाली माणसांच्या बाहुल्या बसवतात. खालच्या पायऱ्यांवर बाजार, लग्न, वाण्याचे दुकान असे रोजचे जग असते. दर वर्षी निदान एक नवी बाहुली आणावी लागते. नऊ दिवस शेजारणी कुंकवाला येतात, उसळ खातात, गातात. दसऱ्याच्या संध्याकाळी एक बाहुली आडवी निजवतात, आणि दुसऱ्या दिवशी सर्व बाहुल्या जुन्या कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवतात.

तुळजाबाईंच्या कोलूला सात पायऱ्या होत्या. वरच्या चार पायऱ्यांवर त्यांच्या आईकडून आलेले मातीचे देव बसत. खालच्या तीन पायऱ्यांवर त्यांनी स्वतः केलेली माणसे असत. त्या बाजारातून नवी बाहुली आणीत नसत. ओळखीतले जे माणूस त्या वर्षी वारले असेल, त्याची वीतभर उंचीची बाहुली त्या कागदाच्या लगद्यातून घडवीत. त्या वर्षी कोणी गेले नसेल, तर आधी गेलेल्यांपैकी कोणी राहून गेले आहे का, हे आठवून त्याची करीत. दसऱ्याला जी निजवायची, ती त्या वर्षीची नवी बाहुली. त्यांच्या लग्नाच्या वर्षापासून हा क्रम चालू होता. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती माणसे चाळीसच्या वर होती.

मी त्यांना विचारले होते, "तुळजाबाई, मेलेल्यांना सणात कशाला बसवता?"

त्या म्हणाल्या, "मग कुठें बसवूं? भिंतीवर फोटो लावला तर मनुष्य एकटें पडतें. इथें बाजार अहे, लग्न अहे, सोबत अहे."

आमची तिसरी मैत्रीण विजयालक्ष्मी. आम्ही तिला विजी म्हणतो. ती टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली आहे आणि बोलण्याची सवय तिने नोकरीबरोबर सोडलेली नाही. ती तमिळमध्ये बोलते. तिचे बोलणे मी येथे मराठीत लिहीत आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन वाजता आम्ही दोघी तुळजाबाईंच्या घरी जमत असू. विजी जुनी वर्तमानपत्रे भिजवून पाट्यावर वाटत असे. मी चिंचोक्यांची खळ शिजवीत असे आणि बाहुल्यांचे कपडे शिवीत असे. तुळजाबाई आकार देत आणि रंगवीत. चार वाजता कॉफी होई. बाहेर शेअर ऑटोवाले ओरडत, उंच पुलावरून उपनगरी गाडी जाई, आणि आम्ही मेलेल्या माणसांच्या नाकांविषयी वाद घालीत असू. माझ्या आयुष्यात मला कोणताही छंद नव्हता. छंद ही शिकलेल्या लोकांची गोष्ट आहे, असे मी समजत होते. त्या दुपारी माझ्या पहिल्या छंदाच्या होत्या.

विजीचे पती वारले त्या वर्षी त्यांची बाहुली झाली. तो वाद मला शब्दशः आठवतो.

विजी म्हणाली, "अक्का, पोट कमी करा. ते इतके जाड नव्हते."

तुळजाबाई मान वर न करता म्हणाल्या, "वर येतांना लिफ्टमध्यें ते असले की मी जिना चढत असें."

"अय्यय्यो! मेलेल्या माणसाला टोमणे!"

"टोमणा नव्हे गे. पोट काढलें तर ते तुलाही ओळखू येणार नाहींत. मग दहा दिवस तूं भलत्याच पुरुषाकडे पाहत बसशील."

विजी हसता हसता रडू लागली, आणि पोट तसेच राहिले. नंतर ती म्हणाली, "माझी कराल तेव्हा नाक मात्र लहान करा." तुळजाबाई म्हणाल्या, "तूं आधी जाणार असें कोण्हीं सांगितलें? वयानें मी थोरली. माझी कोण करणार, तें बघा."

आम्हाला लगदा वाटता येत होता आणि कपडे शिवता येत होते. चेहरा आमच्यापैकी कोणालाही घडवता येत नव्हता. तुळजाबाईंनी माझ्या हातात गोळा देऊन पाहिला होता. माझ्याकडून प्रत्येक वेळी बटाटाच झाला.

त्यांची कन्या कीर्तना सिंगापूरला असते. ती स्वभावाने चांगली मुलगी आहे, हे मी मुद्दाम लिहिते. ती दर रविवारी फोन करीत असे. तिला घरची मराठी बोलता येते, वाचता येत नाही. कोलू पुढे तिने मांडावा, अशी तुळजाबाईंची इच्छा होती. परंतु तिच्या घरात सात पायऱ्यांना जागा नव्हती. एकदा फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकले. ती म्हणाली, "आई, देव मी घेईन. पण ती खालची माणसं कोण आहेत, ते मला कुठं माहीत आहे?"

तुळजाबाई म्हणाल्या, "मी सांगेन."

"कधी सांगशील? आणि सांगितलंस तरी माझ्या लक्षात राहणार आहे का?"

फोन बंद झाल्यावर तुळजाबाईंनी बराच वेळ एका बाहुलीच्या पगडीला रंग दिला. ती पगडी आधीच रंगवून झालेली होती.

पुढच्या डिसेंबरात आमच्या वस्तीत पाणी शिरले. वेलचेरीत पाणी शिरणे ही नवी गोष्ट नाही; परंतु त्या वेळी ते रात्रीतून तळमजल्याच्या खिडकीपर्यंत आले. आम्ही तुळजाबाईंना वर माझ्या घरी आणले. ट्रंका चार होत्या. हेरंबने आणि पहारेकऱ्याने तीन वर आणल्या. चौथी पाण्यात राहिली. पाणी उतरल्यावर आम्ही ती उघडली. आत ओल्या कापडांची गाठोडी होती. प्रत्येक गाठोड्यात पुन्हा लगदा झालेला होता. लगद्यात कुठे मणी सापडला, कुठे छत्रीची तार, कुठे मी शिवलेला परकर.

त्या ट्रंकेत अकरा माणसे होती. तुळजाबाईंनी त्यांची नावे एकामागून एक उच्चारली आणि दहावर त्या थांबल्या. अकरावे कोण, ते त्यांना आठवेना. त्या बोटांवर मोजीत पुन्हा पहिल्यापासून सुरू करीत. तीन दिवस त्यांनी जेवताना, केस विंचरताना तेच केले. अकरावे नाव आले नाही. तुळजाबाई घाबरलेल्या मी तेव्हा प्रथम पाहिल्या. घरातल्या चिखलाला आणि बिघडलेल्या फ्रिजला त्या घाबरल्या नव्हत्या.

चौथ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एक मागणे केले. उरलेली माणसे चौतीस होती. प्रत्येकाचे नाव आणि एक ओळ माहिती कागदावर लिहून त्याच्याच कापडात बांधून ठेवायची, एवढे ते मागणे होते. मी त्या वेळी प्रौढवर्गात बाराखडी पूर्ण करून जोडाक्षरांवर आले होते.

विजी लगेच म्हणाली, "चौतीस ना? मी तमिळमध्ये एका दुपारी लिहून देते. मी आयुष्यभर लोकांची नावं लिहिली आहेत." ती खरोखरच पुढच्या शुक्रवारी पॅड आणि पेन घेऊन आली.

या ठिकाणी जे घडले त्याला मी जबाबदार आहे. मी विजीला म्हटले, "हे काम मला सांगितलेले आहे." माझ्या आवाजात अभिमान होता. अडुसष्ट वर्षांत प्रथमच कोणीतरी मला काही लिहायला सांगितले होते. तुळजाबाईंनाही ती नावे मराठी अक्षरांत असावीत, असे वाटत होते. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या कोणी ती अक्षरे लिहिली नव्हती. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा विजीच्या पॅडकडे पाहिले, आणि म्हणाल्या, "यमुना लिहील."

विजी म्हणाली, "सरि, ठीक आहे. पण अक्का, ही एक 'क्ष' काढायला जितका वेळ घेते तितक्यात मी आंघोळ करून येते." आणि तिने पॅड पिशवीत घातले.

मी चांगले, जाड कागद आणवले. ते मापाने कापले. त्यांवर शिसपेन्सिलीने पुसट रेघा आखल्या. मंगळवारी एक बाहुली उघडायची, तुळजाबाईंनी सांगायचे, मी वहीत कच्चे लिहायचे, रविवारी ते रेवाताईंना दाखवून शुद्ध करायचे आणि मग कागदावर उतरवायचे, असा नियम मी केला. ज्या नावांत जोडाक्षरे नव्हती, ती आधी घेतली. पहिला कागद त्यांच्या पतींचा झाला. "गिरीधर. पार्सल कचेरीत कारकून. छतरी विसरत नसत, बाकी सारे विसरत." दुसरा त्यांच्या आत्याचा. "अंबुजा. कॉफी भाजे. हिच्या वासाने गल्लीला वेळ कळे." प्रत्येक कागद मी दोन-तीन वेळा लिहिला, कारण शाई फुटत असे किंवा ओळ वाकडी जात असे. वाकडा झालेला कागद मी ठेवला नाही.

मार्च संपेपर्यंत सहा कागद झाले.

मग उन्हाळा आला. मी भाच्याच्या लग्नाला बार्शीला गेले आणि गुडघ्याच्या उपचारासाठी तिथेच थांबले. ते सव्वादोन महिने झाले. फोनवर तुळजाबाई दोनदा म्हणाल्या, "यमुने, मी इकडे विजीला सांगूं कां?" दोन्ही वेळा मी म्हटले, "मी येते आहे ना. माझे जोडाक्षर आता पक्के झाले आहे. येऊन सगळे एकसारखे लिहीन." त्या म्हणाल्या, "बेस." तंजावरकडे चांगले, ठीक, बरे आहे, या सर्वांना त्या बेस म्हणतात.

मी परत आले तो ज्येष्ठाचा शेवट होता. त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, तुळजाबाई दारापुढे रांगोळी घालताना कलंडल्या. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. पंधरा दिवस त्या रुग्णालयात होत्या. उजवा हात गेला आणि बोलणे गेले. डॉक्टरांनी सांगितले की त्यांना बरेचसे समजते, परंतु शब्द तोंडाशी येत नाहीत. फक्त एक शब्द शिल्लक राहिला. पाणी हवे असले, नको असले, दुखत असले, कोणी भेटायला आले, तरी त्या म्हणत, "बेस."

कीर्तना आली. ती दीड महिना राहिली. तिने सर्व केले, आणि शेवटी जे करता येत होते ते केले. अण्णा नगरच्या पुढे वृद्धांची शुश्रूषा करणारे एक घर आहे, तेथे तुळजाबाईंची व्यवस्था केली आणि तळमजल्याचे घर भाड्याने दिले. ट्रंका उघडून तिने मला विचारले, "मावशी, यातलं कोण कोण ते तुम्हाला माहीत आहे ना? आई म्हणायची, यमुना सगळं लिहिते आहे."

मी तिला सहा कागद दाखवले. तिने ते हातात घेतले, उलटसुलट पाहिले आणि म्हणाली, "वाचून दाखवता?" मी वाचून दाखवले. वडिलांचा कागद तिने मला दोनदा वाचायला लावला. मग तिने विचारले, "आणि बाकीचे?"

विजी तेथेच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिच्या पतींची बाहुली तिने ओळखली. मी तुळजाबाईंकडे जाऊ लागल्यानंतरच्या वर्षांतल्या आणखी तीन मला ठाऊक होत्या. म्हणजे दहा. चोवीस राहिल्या.

आम्ही प्रयत्न केला. दर गुरुवारी विजी आणि मी पिशवीत पाच-पाच बाहुल्या घेऊन निघत असू. शेअर ऑटोने गिंडी, तेथून मेट्रो, आलंदूरला गाडी बदलून अण्णा नगर. तुळजाबाई खिडकीशी खुर्चीत असत. मी एकेक बाहुली त्यांच्या समोर धरी आणि विचारी, "हे मामा का? माहेरचे का सासरचे? होय असेल तर डोळे मिटा." त्या बाहुलीकडे पाहत. त्यांच्या डोळ्यांत ओळख असे, हे मी शपथेवर सांगते. डावा हात उचलून त्या बाहुलीच्या खांद्यावर ठेवत. ओठ हलत. बराच वेळ हलत. मग त्या म्हणत, "बेस."

पाचव्या गुरुवारी मी एका म्हातारीची बाहुली धरली. तिच्या हातात सूप होते. तुळजाबाई म्हणाल्या, "बेस, बेस, बेस," आणि रडू लागल्या, आणि त्यांनी डाव्या हाताने बाहुली माझ्याकडे ढकलली. परिचारिका म्हणाली, "आजींना त्रास होतो. आता आणू नका." आम्ही आणणे थांबवले. परतीच्या मेट्रोत विजी म्हणाली, "यमुना, मी त्या दिवशी पॅड आणलं होतं." तिने हे रागाने म्हटले नाही. मी म्हटले, "होय." त्याविषयी आमच्यात एवढेच बोलणे झाले.

कीर्तनाने देव नेले. चौतीस माणसे तिने इमारतीच्या संघटनेला दिली, कारण माझ्या घरी हेरंबची मुले आहेत आणि विजीच्या एका खोलीत जागा नाही. टाकून देण्यापेक्षा ते बरे, असे आम्हा सर्वांनाच वाटले. या नवरात्रात संघटनेने तळमजल्याच्या दालनात कोलू मांडला. फार सुंदर रोषणाई केली होती. खालच्या तीन पायऱ्यांवर कापसाचे गवत, आरशाचे तळे, प्लास्टिकच्या गाई आणि झोपड्या मांडल्या होत्या. तमिळ आणि इंग्रजी अक्षरांत एक पाटी होती. विजीने ती मला वाचून दाखवली: खेड्यातील जीवन.

पार्सल कचेरीचे गिरीधरराव केळी विकणाऱ्या बाईच्या मागे उभे होते. त्यांची छत्री कोणीतरी काढून एका गाईच्या राखणदाराला दिली होती. विजीचे पती तळ्याच्या काठी बसवले होते. विजीने इकडे तिकडे पाहून त्यांना उचलले, पदराखाली घेतले आणि ती घरी निघून गेली. मी मात्र तेथे उभी राहिले. माझ्या पिशवीत सहा कागद होते. ते त्या त्या माणसापुढे ठेवावेत, असा माझा विचार होता. परंतु सहाजणांपुढे नावे आणि उरलेल्या सत्तावीसजणांपुढे काही नाही, हे मला करवले नाही. शिवाय आमच्या इमारतीत ते कागद वाचणारी मी एकटीच आहे.

दसऱ्याच्या संध्याकाळी त्यांनी एक बाहुली निजवली. ती सूप घेतलेली म्हातारी होती. आडवी ठेवायला सोपी, म्हणून निवडली असेल. या वर्षी नवी बाहुली नव्हती.

आता माझे अक्षर चांगले आहे. रेवाताई माझी वही वर्गात इतरांना दाखवतात. जोडाक्षरांत माझी चूक क्वचितच होते. गुरुवारी मी अजूनही अण्णा नगरला जाते, रिकाम्या हाताने. तुळजाबाईंजवळ बसते आणि मला ठाऊक असलेली दहा नावे त्यांना मोठ्याने सांगते. त्या ऐकतात. दहावे नाव झाले की त्या माझ्या तोंडाकडे पाहत राहतात, पुढचे येईल म्हणून. पुढचे येत नाही.

पाणी उतरल्यानंतरच्या चौथ्या दिवशी, माझ्या स्वयंपाकघरात, ओली कापडे दोरीवर टाकता टाकता, त्यांनी जे मागितले होते ते मी त्यांच्याच शब्दांत येथे लिहून ठेवते.

"यमुने, अक्षर वाईट आलें तरी चालेल. पण उद्यांच लिही."